बाकीचे घोट

पहिला घोट चुकून गेला, त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. भर देवळात हात वर करून केशरबाईनं तेवढं सांगितलं असतं आणि खरं सांगितलं असतं. सगळा घोळ बाकीच्या घोटांचा होता. पेला रिकामा झाला होता, तळाशी चिकटलेला फेस हळूहळू बसत होता, आणि सावेडीतल्या लेकीच्या फ्लॅटमध्ये, टळटळीत दुपारी, फ्रिजचं दार सताड उघडं टाकून ती त्या फेसाकडे बघत उभी होती. गारवा पायांवर येत होता. खाली गेटपाशी भंगारवाला ओरडत गेला. त्याला सगळं दिसलं असणार असं वाटून तिनं धाडकन दार लावलं, आणि मग स्वतःलाच म्हणाली, अगं बाई, तिसऱ्या मजल्यावर कोण बघतंय तुला? कुणी बघत नाही म्हणून काय झालं, हे वाक्य मात्र तिचंच होतं. तिच्या गावच्या, उंबरटेकच्या किती बाप्यांच्या तोंडावर तिनं ते फेकलं होतं, त्याचा हिशेब नव्हता.

झालं ते असं की केशरबाईला मुतखडा झाला होता. नगरच्या डॉक्टरनं पोटावर यंत्र फिरवून सांगितलं, खडा बारीक आहे, पडून जाईल, पाणी भरपूर प्या. अश्विनीनं त्याच दिवशी जव आणून उकळायला टाकले. गाळलेलं पाणी ती बुटक्या, तपकिरी, औषधाच्या वाटाव्यात अशा बाटल्यांमध्ये भरून फ्रिजच्या दारात लावायची. फिरकीची झाकणं, वर एकही चिठ्ठी नाही, काचा लख्ख घासलेल्या. लेकीचं नीटनेटकेपण बघून आईचा ऊर भरून यायचा. आज हाताला आलेल्या बाटलीचं झाकण घट्ट होतं. पदर लावून पिळलं, तर फस्स झालं. आंबलं वाटतं, असं म्हणत तिनं पेल्यात ओतलं, तर वर फेस चढला. आंबलेलं असलं तरी टाकण्याआधी चाखायचं, ही तिच्या आईची शिस्त होती. दूध असो, ताक असो, रात्रीची आमटी असो, फेकणारीनं आधी जिभेला लावून बघायचं. तिनं लावून बघितलं.

आधी पपनसाची साल. नख रुतवल्यावर सालीतून जो फवारा उडतो, डोळ्यात जातो, तो. मग सुताराच्या रंध्याखालून निघालेल्या ओल्या ढलप्यांचा वास, नाकातून नाही, घशाच्या मागून वर येणारा. मग गोड, पण साखरेचं नाही. गुऱ्हाळावर काहिलीच्या काठाला गुळाचा जो जरासा जळका पापुद्रा धरतो आणि पोरं जो उलथन्यानं खरवडून खातात, त्या गोडाची नुसती सावली. आणि मग कडू आलं. कडू येऊन बसलंच. कारल्याचं कडू तोंड वाकडं करतं, हे करत नव्हतं. हे कडू तोंड पुसून काढत होतं, सारवलेल्या अंगणासारखं, आणि अंगण सारवून झालं की त्यात आणखी एका घोटाएवढी जागा मोकळी दिसत होती. तेव्हा तिला कळलं. वासावरून नाही. देशीचा वास, हातभट्टीचा वास तिच्या नाकाला पाठ होता आणि हा त्यातला नव्हता. पण जिभेला कळलं. जीभ म्हणाली, केसर, ही दारू आहे. आणि त्या मोकळ्या जागेत दुसरा घोट गेला. मग तिसरा. मग तिनं मोजलं नाही. उभ्यानं, भिंतीला एक हात टेकवून, डोळे मिटून तिनं सगळा पेला संपवला, बाटलीत उरलेलं पेल्यात ओतलं आणि तेही संपवलं. घाईनं नाही, हेच तर वाईट होतं. घाई केली असती तर चोरी म्हणता आलं असतं. ती चवीनं प्यायली.

मग ती कामाला लागली. पेला घासला, पुन्हा घासला, हुंगला, पुन्हा घासला. बडीशेप तोंडात टाकली, त्यावर लवंग चावली. ओंजळीत तोंड धरून हा केलं आणि हुंगलं. आणि त्याच क्षणी, स्वतःच्याच ओंजळीत, तिला आपला जुना आवाज ऐकू आला. हा कर. मोठ्यानं. उघड तोंड. गावातल्या बायांच्या दारूबंदी पथकात हुंगायचं काम तिचं होतं, कारण तिचं नाक तिखट. बैलगाडीएवढे बाप्ये तिच्यापुढं तोंड उघडून उभे राहायचे, लवंग चावून आलेले, बडीशेप चावून आलेले, एकजण तर कांदा चावून आला होता, आणि ती म्हणायची, "लवंगीच्या आड काय लपवलंय रं? मला शिकवतो व्हय?" सगळ्या बाया हसायच्या. आता बाटलीचं काय करावं? लपवायच्या जागा तिला पोलिसापेक्षा जास्त ठाऊक होत्या. कडब्याच्या गंजीत, चुलीमागं, पाण्याच्या टाकीखाली. फ्लॅटमध्ये यातलं एकही नाही. शेवटी तिनं बाटली विसळली, पातेल्यातलं जवाचं पाणी तिच्यात भरलं, झाकण पिळलं आणि होती तिथं नेऊन ठेवली. इतकं बेमालूम आपल्याला करता येतं, हे बघून मात्र तिला खाली बसावंसं वाटलं.

सोफ्यावर बसली. टीव्ही लावला, आवाज बंद ठेवला. अंग हलकं झालं होतं, कानाच्या पाळ्या गरम लागत होत्या, आणि या सगळ्याच्या खाली, तळात, काहीतरी सुखानं पाय पसरून बसलं होतं. तिनं त्याला उठवायचा प्रयत्न केला. मुद्दाम गावातली बनाबाई आठवली. पिऊन आलेल्या नवऱ्यानं मोडलेलं बनाबाईच्या हाताचं हाड, सुजलेला डोळा, दारात फेकलेला तवा. तिथूनच तर सगळं सुरू झालं होतं. त्या सकाळी केशरबाई बनाबाईला घेऊन सोनईच्या दवाखान्यात गेली आणि परत येताना टेम्पोतच तिनं ठरवलं की गावातलं देशीचं दुकान उठवायचं. तालुक्याच्या चकरा मारल्या, बायांच्या सह्या-अंगठे गोळा केले, आणि मतदान झालं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. गावच्या बायांनी डोक्यावर पदर घेऊन रांग लावली आणि बाटली आडवी केली. दुकानाला कुलूप लागलं तेव्हा बनाबाई तिच्या गळ्यात पडून रडली. ते खोटं नव्हतं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं, आणि आज दुपारीसुद्धा ते तितकंच खरं होतं. मग खोटं काय होतं? कानाच्या पाळ्या गरम का लागत होत्या?

रंगनाथकडे मन जाऊ नये म्हणून ती बनाबाईला धरून बसली होती, हे तिच्या लक्षात आलं. आणि लक्षात आल्यावर तो आलाच. तिचा नवरा दारुडा नव्हता. शिवी नाही, हात उगारणं नाही, पैसा उधळणं नाही. सोनईच्या बाजाराच्या दिवशी तो एक बियरची बाटली आणायचा, एकच, ओल्या पोत्यात गुंडाळून. मळ्यात गेल्यावर ती बादलीत ठेवून विहिरीत सोडायचा. दिवस कलला की वर काढायचा, बांधावर बसायचा, शेंगदाणे आणि कांदा घेऊन. घोट घेतला की डोळे मिटायचा. ती गवताचा भारा घेऊन जाताना हाक मारायचा, "केसर, आगं बघ तरी जिभंला लावून. नुसतं बोट बुडव." ती म्हणायची, "गटारीत घाला." तो हसायचा. पिऊन झाल्यावर तो बोलका व्हायचा, एवढंच. कुठल्या झाडाच्या आंब्याला खोबऱ्याची चव आहे, कुठल्या विहिरीचं पाणी चहाला चांगलं, असलं काहीबाही. तिला ते सगळं पाणचट वाटायचं. माणसानं चवीबद्दल एवढं काय बोलायचं?

दुकान बंद झालं आणि गावातले बाप्ये पारावर बसून तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायला लागले. "गावाची बाटली आडवी केली, आन घरातली अजून उभीच हाय की." ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मग एका बाजाराच्या संध्याकाळी तीच पथक घेऊन स्वतःच्या बांधावर गेली. पथकाचा नियम होता, सापडला त्यानं मारुतीच्या पारावर उभं राहायचं, बाटली सगळ्यांसमोर पालथी करायची आणि शपथ घ्यायची. रंगनाथनं नुकतं झाकण उघडलं होतं. तो उठला, चप्पल घातली, त्यांच्या पुढं चालत पारापर्यंत आला. चढला. निम्मं गाव जमलेलं, अश्विनी दप्तर पाठीवर घेऊन गर्दीत उभी. त्यानं बाटली पालथी केली, अगदी सावकाश, आणि मातीत मुरणाऱ्या फेसाकडे बघत राहिला. शपथ घेण्याआधी तो एवढंच म्हणाला, "गार हुती." कुणाला उद्देशून नाही. गर्दी खो खो हसली. केशरबाईपण हसली होती. पुढं किती वर्षं ते गावात चाललं. रंगनाथ रस्त्यानं निघाला की पोरं विचारायची, "काका, गार हुती का?" तो मान हलवून पुढं जायचा. त्यानंतर त्यानं कधी थेंब घेतला नाही. पण त्यानंतर कधी आंब्याबद्दलही बोलला नाही. पानात पडेल ते खायचा. कसं झालंय विचारलं की म्हणायचा, बरंय. मीठ विसरलं तरी बरंय. तिला वाटायचं, वय झालं. तिला वाटायचं, गुणाचा झाला. आज सोफ्यावर, जिभेच्या बुडाशी ते कडू अजून रेंगाळत असताना, तिला पहिल्यांदा वाटलं की ज्याचं नाव आपण व्यसन ठेवलं ते कदाचित नुसतं सुख होतं, आणि ते काय आहे हे न विचारताच आपण ते मातीत ओतायला लावलं. बोट तरी बुडवायचं होतं, केसर. बोट बुडवून, थुंकून, मग न्यायचं होतं पारावर.

दिवेलागणीला जावई आला. पंकज एमआयडीसीत इंजिनिअर. कंपनीनं त्याला ट्रेनिंगसाठी अमेरिकेला पाठवलं होतं आणि तो नुकताच परतला होता. सासूच्या पाया पडला, खड्याची चौकशी केली, हातपाय धुतले आणि एक तपकिरी बाटली टॉवेलात गुंडाळून बाल्कनीत गेला. केशरबाई तूर निवडत होती. तुरीवरची नजर तिनं हलू दिली नाही. पलीकडून झाकण फिरल्याचा आवाज आला. फस्स झालं नाही. क्षणभरानं पंकज ठसकला. मग तो चोरपावलांनी स्वयंपाकघरात गेला आणि नवराबायकोची कुजबूज सुरू झाली. कुजबूज कसली, अर्ध्या इमारतीला ऐकू जावी अशी.

"अगं, हे जवाचं पाणी आहे!"

"मग तू जवाची घेतली असशील."

"खालच्या कप्प्यातली घेतली. माझ्या चारच्या चार खाली होत्या."

"खालच्या? आणि आई दुपारी कुठली प्यायली?"

अश्विनी बाहेर आली, ओल्या हातानंच. चेहरा पांढराफटक. "आई, दुपारी पाणी घेतलंस का गं?"

केशरबाईला वाटलं होतं, विचारलं की सांगून टाकू. ओठ उघडले आणि भलतंच बाहेर आलं. "एक आंबल्याली हुती. मोरीत वतली. बाटली इसळून दुसरं पानी भरून ठिवलं." असं गुळगुळीत, एका दमात. पथकात असती तर तिनं या उत्तरावर लगेच म्हटलं असतं, हा कर.

अश्विनी तिच्या पायाशीच बसली. "आई, ती आंबलेली नव्हती गं. ती यांची होती. तिकडून कपड्यांत गुंडाळून आणलेली. तू येणार म्हणून मीच वरचे कागद भिजवून काढले आणि तुझ्या पाण्याच्या बाटल्यांत मिसळून ठेवल्या. रिकाम्या झाल्या त्यात तुझं पाणी भरलं. तुझ्या घशात चुकून गेली असती तर... तुझ्या!" ती रडायच्या बेतात होती. मागं पंकज उभा होता, शाळेत छडी खायला हात पुढं केलेल्या मुलासारखा. "आई, चुकलं माझं," तो म्हणाला. "तुम्ही गावासाठी एवढं केलंत आणि मी तुमच्या औषधाशेजारी असलं ठेवलं. परत घरात दिसणार नाही." आणि तो वळला. फ्रिज उघडल्याचा आवाज आला, मग फस्स, आणि मग सिंकमध्ये, ग्लक ग्लक ग्लक.

केशरबाई ताट ढकलून उठली, तूर सगळीकडे पसरली. तिनं जाऊन जावयाचं मनगट धरलं. उभ्या जन्मात तिनं जावयाला हात लावला नव्हता. सिंकमध्ये फेस चढत होता आणि पपनसाच्या सालीचा तो वास अख्ख्या स्वयंपाकघरात भरला होता. "वतू नका," ती म्हणाली. "पंकजराव, वतू नका. म्या वतली न्हाई. म्या प्याले."

"एक घोट ना आई? चुकून?"

"एक चुकून. बाकीची जानूनबुजून. लई चांगली हुती."

आता दोघं बोलतील, तिला वाटलं. बोलावं कुणीतरी. अश्विनीच्या गळ्यातून विचित्र आवाज निघाला, आणि ती हसायला लागली. पोट धरून, ओट्याला टेकून, डोळ्यात पाणी येईपर्यंत. "अगं आई! आडवी बाटली! आमची आई!" पंकजही हसला, सुटल्यासारखा, आणि त्याला एकदम बोलायचा हुरूप आला. सांगायला लागला, ही बियरच, पण हिला पेल एल म्हणतात आई, तिकडं कॅलिफोर्नियात लोकांनी छोट्या छोट्या भट्ट्या घातल्या, थोडी थोडी, मन लावून करतात, त्यात एका वेलाची फुलं टाकतात, तो कडवटपणा त्या फुलांचा, तुम्हाला तो वास आला का? आला म्हणता? कमाल आहे, आमच्या ऑफिसात कुणालाच येत नाही! त्यानं अर्धी उरलेली बाटली तीन पेल्यांत ओतायला घेतली. केशरबाई त्या दोघांच्या मधे उभी होती. तिला कुणी पारावर उभं करणार नव्हतं. कुणी बाटली मातीत ओतायला लावणार नव्हतं. तिचं पाप या घरात एक गोड किस्सा झालं होतं, आणि उद्या तो फोनवरून साऱ्या नात्यागोत्यात फिरणार होता. तिचा पेला तिनं बाजूला सारला.

"थांब, बाबांना सांगते," अश्विनी मोबाईल शोधायला लागली. "बाबा तर ऐकून पडतीलच!"

"तू न्हाई सांगायचं." आवाज असा निघाला की लेकीचं हसू जागच्या जागी थांबलं. अश्विनीनं आईकडे बघितलं, आणि तिला पारासमोरच्या गर्दीत दप्तर घेऊन उभी असलेली लहानपणची आपण आठवली असावी, कारण तिनं नंबर लावला आणि मोबाईल आईच्या हातात दिला.

केशरबाई बाल्कनीत गेली, दार ओढून घेतलं. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली. मग विहिरीवरच्या मोटरची घरघर, आणि रंगनाथचा आवाज. "कोन?"

"मी."

"पडला का खडा?"

"न्हाई आजून."

"मंग पानी पी."

"अवो, ऐका की." तिनं सांगितलं. झाकणापासून, फस्सपासून, बाकीच्या घोटांपासून सगळं. लेकीजवळ खोटं बोलले, तेही सांगितलं. काही गाळलं नाही. पलीकडे मोटर चालू होती. त्यानं चिडावं, म्हणून ती वाट बघत होती. त्यानं शिव्या द्याव्यात, पारावरच्या त्या संध्याकाळचं नाव घ्यावं, इतक्या वर्षांचं काय असेल ते आज तिच्या पदरात टाकावं. तिनं पदर धरलाच होता. मोटर बंद झाली. त्यानंच बंद केली असणार.

"कशी लागली?" रंगनाथ म्हणाला.

"आँ?"

"चवीला. कशी लागली, सांग की."

"कडू," ती कशीबशी म्हणाली.

"कडू तर असतीच. कसं कडू? कारल्यावानी का मेथीवानी?"

"कारल्यावानी न्हाई. सालीवानी. पपनसाची साल न्हाई का, नख लावल्यावर..."

"हां. डोळ्यात उडती ती." त्याचा आवाज जवळ आला, खाट ओढून बसल्यासारखा. "आन मंग? कडूच्या आधी काय हुतं?"

तिनं काहिलीच्या काठाचा गूळ सांगितला. ढलप्यांचा वास सांगितला. तो मधेच अडवत होता, नेमकं विचारत होता, फेस ओठाला लागतो का विरतो, घोट गेल्यावर तोंड कोरडं पडतं का, आणि त्या विचारण्यात, वर्षानुवर्षं तिनं न ऐकलेल्या त्या बोलक्या आवाजात, राग कुठंच नव्हता. मग तो गप्प झाला आणि त्या गप्पपणात तिला त्यानं गिळलेला आवंढा ऐकू आला. सत्तरीला टेकलेला माणूस, अंधार पडत आलेल्या मळ्यात, कोरड्या घशानं तिच्या तोंडची चव गिळत होता. केशरबाईनं बाल्कनीची लोखंडी पट्टी घट्ट धरली.

"आनखी सांग," तो म्हणाला.

तिनं जीभ टाळूला लावून बघितली. तिथं आता काही उरलं नव्हतं, कडू नाही, गोड नाही, दुपारची बडीशेपसुद्धा नाही. पण तो ऐकत होता. म्हणून ती सांगत राहिली.